बागुलबुवाचे विडंबन

प्रस्तावना

भयपट पाहणारा घाबरण्यासाठी जातो आणि विनोदी मालिका पाहणारा हसण्यासाठी बसतो. या दोन वृत्ती परस्परविरोधी वाटतात. परंतु अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्टून मालिकांनी त्या एकाच घरात नांदवून दाखवल्या आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः ‘द सिम्पसन्स’ या मालिकेच्या आधारे भयपटांच्या विडंबनाचा विचार केला आहे. उत्तम विडंबन भीती पुसून टाकत नाही, ते भीतीची जागा बदलते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ते पटते की नाही, हे वाचकाने पुढील उदाहरणे तपासून ठरवावे.

पडद्याआडून आलेली सूचना

१९३१ साली प्रदर्शित झालेल्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या अमेरिकन चित्रपटाचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्याआडून एक सभ्य गृहस्थ पुढे येतो आणि प्रेक्षकांना अदबीने सावध करतो. पुढे जे दिसणार आहे त्याने धक्का बसेल, थरकाप उडेल. ज्यांना ते सोसणार नसेल त्यांनी वेळीच विचार करावा, असा त्याच्या बोलण्याचा आशय असतो. सावधगिरीची ही सूचना वस्तुतः आमंत्रणच होती. ‘तिकडे जाऊ नकोस’ म्हटले की पाऊल नेमके तिकडेच वळते, हा मनुष्यस्वभाव चित्रपटाच्या कर्त्यांना पुरेपूर ठाऊक होता.

त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, २५ ऑक्टोबर १९९० रोजी, अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर तसाच एक पडदा दिसला. या वेळी त्याच्या आडून बाहेर आली ती उंच निळ्या केशरचनेची एक कार्टूनमधील गृहिणी, मार्ज सिम्पसन. आजचा भाग भयानक आहे, असे तिनेही सांगितले. पुढे मात्र तिने एक व्यवहारी सल्ला जोडला. ज्यांची मुले हळव्या मनाची आहेत त्यांनी उद्या रागाची पत्रे लिहिण्यापेक्षा आजच मुलांना लवकर झोपवावे! १९३१ च्या गृहस्थाला प्रेक्षकांच्या काळजाची चिंता होती. मार्जला चिंता आहे ती टपालाने येणाऱ्या तक्रारींची. एका वाक्यात भयाचे वातावरण उभे राहिले आणि त्याच वाक्यात ते जमिनीवर उतरले.

‘द सिम्पसन्स’ ही मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेली मालिका डिसेंबर १९८९ पासून प्रसारित होत आहे. स्प्रिंगफिल्ड नावाच्या काल्पनिक गावातील एक मध्यमवर्गीय कुटुंब तिच्या केंद्रस्थानी आहे. अणुवीज केंद्रात नोकरी करणारा आळशी, खादाड पण प्रेमळ बाप होमर, सोशीक आई मार्ज, खोडकर मुलगा बार्ट, विचारी मुलगी लिसा आणि तान्ही मॅगी असे हे पाच जणांचे घर. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुले भुताखेतांचे वेष करून दारोदार खाऊ मागत फिरतात. हॅलोविन नावाच्या या सणाच्या निमित्ताने मालिकेत १९९० पासून दरवर्षी एक विशेष भाग सादर होऊ लागला. ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात सामान्यतः तीन छोट्या कथा असतात आणि त्यांतील पुष्कळशा कोणत्या ना कोणत्या गाजलेल्या भयकथेच्या वा भयपटाच्या विडंबनकथा असतात.

विडंबन आणि टवाळी

मराठी वाचकाला विडंबन अपरिचित नाही. प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहातील कवितांनी समकालीन कवितेतील कृत्रिम लकबींवर नेमके बोट ठेवले. ज्या कवीचे विडंबन करायचे त्याची शब्दकळा, त्याचा छंद, त्याचे लाडके विषय हे सारे विडंबनकाराला मुखोद्गत असावे लागते. टवाळी दुरूनही करता येते. विडंबनासाठी जवळ जावे लागते.

चित्रपटाच्या क्षेत्रातही हाच नियम लागू पडतो. १९७४ मध्ये मेल ब्रूक्स या दिग्दर्शकाने ‘यंग फ्रँकेनस्टाइन’ हा विडंबनपट काढला. रंगीत चित्रपट सर्वत्र रूढ झालेले असताना त्याने आपला चित्रपट कृष्णधवलच ठेवला. १९३१ च्या चित्रपटासाठी केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी तयार केलेली प्रयोगशाळेतील विद्युत् उपकरणे मिळवून तीच त्याने पुन्हा वापरली. थट्टा करण्यासाठी एवढे कष्ट कोण घेतो? ज्याचे मूळ कृतीवर प्रेम आहे तोच.

विडंबन आणि मूळ कृती यांचे हे नाते न्यायालयानेही विचारात घेतले आहे. मार्च १९९४ मध्ये एका लोकप्रिय गीताच्या विडंबनावरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले, की मूळ कृतीवर भाष्य करायचे तर विडंबनाला तिचा आधार घ्यावाच लागतो. केवळ पैसे मिळवण्यासाठी केले म्हणून ते आपोआप गैर ठरत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘द सिम्पसन्स’ने ‘द शायनिंग’ या चित्रपटाचे विडंबन सादर केले आणि त्याच्या नावातच एक अक्षर वाढवून ते ‘द शिनिंग’ असे केले. त्यात बार्ट एका पात्राची चूक सुधारून खरा शब्द उच्चारू पाहतो, तेव्हा ते पात्र त्याला घाईघाईने गप्प करते आणि विचारते, की आपल्यावर खटला व्हावा असे तुला वाटते काय? कायद्याची ही टांगती तलवारसुद्धा विनोदाच्या कामी आली.

भीतीवर घातलेली बंदी

मुलांनी भयकथा वाचाव्यात की नाही, हा प्रश्न अमेरिकेत दूरचित्रवाणीपेक्षाही आधी चित्रकथांच्या मासिकांनी उभा केला. १९५० नंतरच्या काळात ‘ईसी कॉमिक्स’ या प्रकाशनाची ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी भयचित्रकथांची मासिके मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय होती. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या पुस्तकातून अशा चित्रकथा मुलांना बिघडवतात असा आरोप केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीने या प्रश्नावर सुनावणी घेतली. परिणामी प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. तीनुसार मासिकाच्या शीर्षकात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हा शब्द वापरण्यास मनाई झाली. रक्तपिपासू पिशाच्चे, चालती प्रेते, लांडग्याचे रूप घेणारी माणसे या साऱ्यांना चित्रकथांच्या पानांवरून हद्दपार करण्यात आले. १९७१ मध्ये हे नियम काहीसे सैल होईपर्यंत ही हद्दपारी टिकली.

बंदीने भीती नाहीशी झाली काय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, अशी म्हण मराठीत आहे. राक्षस पुस्तकात नसतो, तो भिणाऱ्याच्या पाठीशी असतो. म्हणून पुस्तक मिटले तरी तो जात नाही. चित्रकथांतून घालवलेली भुते काही वर्षांतच दूरचित्रवाणीवरील कार्टूनमध्ये आली. मात्र येताना त्यांनी विनोदाचा वेष धारण केला होता.

१३ सप्टेंबर १९६९ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ ही हॅना-बार्बेरा संस्थेची मालिका सुरू झाली. शनिवारी सकाळी दाखवल्या जाणाऱ्या कार्टूनमध्ये मारामारी फार वाढली आहे, अशी पालकसंघटनांची तक्रार त्या वेळी जोरात होती. तेव्हा हाणामारी नको, पण मुलांना खिळवून ठेवणारे काहीतरी हवे, या गरजेतून चार तरुण आणि एक भित्रा कुत्रा यांची ही कथा जन्माला आली. पडके वाडे, ओसाड किल्ले, धुक्यात हलणारी सावली अशी भयपटाची सारी सामग्री तिच्यात होती. कथेच्या अखेरीस मात्र भुताचा मुखवटा ओढून काढला जाई आणि आतून निघे तो एखादा लोभी माणूस. कुणाला दडलेले धन हवे असे, कुणाला लोकांना पळवून लावून जागा बळकवायची असे.

या मालिकेने मुलांना एक मोलाचा धडा दिला. भूत दिसले तर पळण्याआधी, या भुतामुळे कुणाचा फायदा होत आहे, हे विचारावे. विवेकाचे हे शिक्षण साधे, सरळ आणि आजही उपयोगी आहे. मात्र त्याला एक मर्यादा होती. मुखवटा निघाला की गुन्हेगार पोलिसांच्या हवाली होई आणि जग पुन्हा निर्मळ ठरे. वाईटपणा नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असे. प्रेक्षकाचे स्वतःचे घर त्यातून सुखरूप सुटे.

घर, बाहुला, हॉटेल आणि शाळा

‘द सिम्पसन्स’च्या लेखकांनी आपल्या हॅलोविन भागांसाठी प्रेरणा घेतली ती ज्यांवर गदा आली होती त्या ‘ईसी कॉमिक्स’पासून. त्यांनी ‘स्कूबी-डू’चे सूत्र उलटे केले. त्यांच्या कथांमध्ये भूत खरे असते, मुखवट्याआड कोणी नसते; आणि तरीही प्रेक्षकाला खरी धास्ती वाटते ती घरातल्या माणसांची. चार उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण १९९० च्या पहिल्याच भागातील. ‘द अमिटिव्हिल हॉरर’ (१९७९) आणि ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) या दोन चित्रपटांत झपाटलेल्या घरात राहायला आलेल्या कुटुंबांच्या कथा आहेत. पहिल्या चित्रपटातील घर स्वस्तात मिळते, कारण तेथे पूर्वी हत्याकांड झालेले असते. दुसऱ्या चित्रपटातील वसाहत दफनभूमीवर उभी असते. बांधकाम करणाऱ्यांनी थडग्यांवरील शिळा हलवल्या, पण प्रेते तशीच खाली ठेवली. सिम्पसन कुटुंबही असेच एक जुने मोठे घर अल्प किमतीत घेते. भिंतींतून रक्त पाझरू लागते, मार्ज घर सोडू म्हणते. पण स्वस्तात मिळालेले घर हातचे जाऊ देण्यास होमर तयार नसतो. घराखाली दफनभूमी आहे असे कळताच तो घर विकून देणाऱ्या दलालाला फोनवर फैलावर घेतो. फोन ठेवल्यावर मात्र तो एवढेच सांगतो, की दलालाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने ही गोष्ट आपल्याला पाचसहा वेळा सांगितली होती.

हा विनोद वरवर पाहता होमरच्या विसरभोळेपणाचा आहे. पण मूळ चित्रपटांत दडलेला एक प्रश्न तो उघड्यावर आणतो. या कुटुंबांनी ते घर घेतलेच का, आणि घेतल्यावर ती तेथून निघत का नाहीत? उत्तर एकच : किंमत. स्वस्ताईच्या मोहापुढे रक्ताचे ओघळही दुर्लक्षणीय वाटतात. कथेचा शेवट तर अधिकच बोलका आहे. ‘पोल्टरगाइस्ट’मधील घर अखेरीस अतिमानुष शक्तीने स्वतःतच कोसळून नाहीसे होते. सिम्पसनांचे घरही तसेच नाहीसे होते, परंतु त्यामागचे कारण निराळे आहे. या कुटुंबाबरोबर जन्म काढायचा की स्वतःचा नाश करून घ्यायचा, असा पेच पडल्यावर घर विनाशाची निवड करते. दृश्य तेच, कारण बदलले. आणि कारण बदलताच भुताटकीचे बोट माणसांकडे वळले.

दुसरे उदाहरण १९९२ मधील. ‘द ट्वायलाइट झोन’ या गाजलेल्या मालिकेत १९६३ साली एका बोलक्या बाहुलीची कथा आली होती. ती बाहुली सावत्र मुलीशी निष्ठुरपणे वागणाऱ्या बापाला जिवे मारण्याची धमकी देते आणि ती खरी करते. (मराठी प्रेक्षकाला अशी कल्पना परकी नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’ या महेश कोठारे यांच्या चित्रपटात तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो आणि तेथेही भय व हास्य जोडीनेच वावरतात.) ‘सिम्पसन्स’च्या विडंबनात होमर मुलाच्या वाढदिवसासाठी आयत्या वेळी एका गूढ दुकानातून बाहुला आणतो. बाहुला त्याच्या जिवावर उठतो. अखेर दुरुस्ती करणारा माणूस येऊन दोष शोधतो : बाहुल्याच्या पाठीवर ‘चांगला’ आणि ‘वाईट’ अशी कळ असते आणि ती चुकून ‘वाईट’कडे राहिलेली असते! शाप, मंत्र, सूडाचा आत्मा यांची जागा एका कळीने घेतली. बाजारातून आणलेली कोणतीही वस्तू आज अशीच घरात येते. आत काय आहे हे ठाऊक नसते, आणि बिघडली तर दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचे एवढेच घरच्यांना माहीत असते.

तिसरे उदाहरण म्हणजे वर उल्लेखिलेले १९९४ चे ‘द शिनिंग’. स्टॅन्ली क्युब्रिक यांचा ‘द शायनिंग’ हा चित्रपट १९८० चा. त्याचा आधार स्टीफन किंग यांची १९७७ ची कादंबरी. हिवाळ्यात बर्फाने वेढले जाणारे डोंगरावरील एक हॉटेल सांभाळण्यासाठी एक लेखक बायको व मुलासह तेथे राहतो आणि हळूहळू वेडाच्या आहारी जाऊन कुऱ्हाड घेऊन त्यांच्यामागे लागतो. त्याने महिनोन्‌महिने टंकलिखित केलेल्या कागदांवर एकच वाक्य पुनःपुन्हा लिहिलेले असते. ते कागद बायकोच्या हाती पडतात तो प्रसंग चित्रपटातील अत्यंत भेदक प्रसंगांपैकी एक आहे.

विडंबनात मार्ज टंकयंत्राजवळ येते. कागदावर सारे ठीक असल्याचा मजकूर असतो. ती निःश्वास टाकते. तेवढ्यात तिचे लक्ष भिंतींकडे जाते. टीव्ही नाही, बिअर नाही, म्हणून होमरला वेड लागत आहे, असे वाक्य खोलीभर पुनःपुन्हा लिहिलेले असते. हॉटेलच्या मालकाने, म्हणजे श्रीमंत व कंजूष बर्न्सने, रखवालदाराने कामात कुचराई करू नये म्हणून टीव्हीची तार तोडलेली असते आणि बिअरही हटवलेली असते. याच कारणाने आधीच्या रखवालदारांनी आपापल्या कुटुंबांची हत्या केली असेल काय, अशी शंका त्याचा सहायक काढतो. परत येऊन तसे आढळलेच तर आपण तुला एक शीतपेय पाजू, असे मालक सहज सांगून जातो.

या विनोदाचे मर्म समजण्यासाठी मूळ कादंबरीकडे जावे लागते. किंग यांच्या कादंबरीतील बापाचे दारूचे व्यसन हा कथेचा कणा आहे. चित्रपटाने हॉटेलच्या गूढतेला अधिक महत्त्व दिले आणि किंग त्या चित्रपटावर नाराज होते, हे सर्वश्रुत आहे. विडंबनाने गंमतीगंमतीत व्यसनाला पुन्हा मध्यभागी आणून बसवले. आणि बिअरच्या शेजारी टीव्हीचे नाव लिहून व्यसनांच्या यादीत नवी भरही घातली. कथेच्या अखेरीस बर्फात एक छोटा टीव्ही सापडतो, होमर शांत होतो आणि सारे कुटुंब त्या पेटीसमोर बसल्या जागी गोठून जाते. ‘पोल्टरगाइस्ट’च्या शेवटी बाप टीव्ही खोलीबाहेर काढतो, येथे कुटुंब टीव्हीपुढून हलू शकत नाही. हे सारे टीव्हीवरच दाखवले जात आहे आणि ते पाहणारेही टीव्हीपुढेच बसले आहेत, ही गोष्ट ध्यानात आली की हसता हसता प्रेक्षक क्षणभर गप्प होतो.

चौथे उदाहरण १९९५ मधील. वेस क्रेव्हन यांच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटात मुलांची हत्या करणाऱ्या एका गुन्हेगाराला गावातील पालकांनी जाळून मारलेले असते आणि मुलांपासून ते लपवलेले असते. तो मुलांच्या स्वप्नांत येऊन सूड घेतो. विडंबनात त्याच्या जागी आहे शाळेतला विली नावाचा रखवालदार. शाळेची भट्टी पेट घेते आणि विली जळत जळत पालकसभेत धावत येतो. सभेत मात्र दुसऱ्याचे भाषण चालू असते. कामकाजाचा क्रम मोडता येत नाही म्हणून त्याला थांबायला सांगितले जाते. तो शिस्तीने खुर्चीवर बसतो आणि जळून जातो. मूळ चित्रपटातील पालकांनी निदान क्रोधाने कृत्य केले होते. या पालकांनी काहीच केले नाही, आणि नेमके तेच त्यांचे पाप ठरले. या प्रसंगावर जो हसतो त्याने कधी ना कधी अशी एखादी सभा पाहिलेली असते.

रेषांचे सामर्थ्य

असे विडंबन कार्टूनमध्ये विशेष खुलते, याला कारणे आहेत. भयपटाची सारी शक्ती प्रत्यक्षाच्या आभासात असते. अंधार खरा वाटला पाहिजे, किंकाळी खरी वाटली पाहिजे, रक्त खरे वाटले पाहिजे. कार्टूनमधील माणूस मुळातच रेषांचा व रंगांचा असतो; पिवळ्या रंगाचे हे कुटुंब कोणी खरे मानत नाही. त्यामुळे तेच दृश्य रेषांत उतरले की त्यातील भयाचे आवरण गळून पडते आणि सांगाडा उरतो. कॅमेरा कोठून येतो, दार किती हळू उघडते, संगीत कोठे थांबते, ही भयपटाची सारी युक्ती उघडी पडते. ‘द शायनिंग’मध्ये उद्वाहनातून रक्ताचा लोंढा येतो तेव्हा अंगावर काटा येतो. विडंबनातही तो येतो, पण रक्त नेहमी दुसऱ्या मजल्यावर उतरते, आज येथे कसे, एवढेच मालकाला नवल वाटते.

दुसरे कारण मालिकेच्या स्वरूपात आहे. हॅलोविनचे हे भाग मूळ कथानकाबाहेरचे मानले जातात. त्यांत पात्रे मरतात आणि पुढच्या आठवड्यात पूर्ववत नांदतात. १९९४ च्या भागात तर विली तिन्ही कथांत कुऱ्हाडीने मारला जातो. या मोकळिकीमुळे लेखकांना नेहमीच्या भागात जे बोलता येत नाही ते येथे बोलता येते. ज्या कुटुंबावर प्रेक्षकांचे प्रेम आहे त्याच्याच आतील लोभ, आळस आणि बेपर्वाई वर्षातून एकदा पूर्ण वाढलेल्या रूपात दाखवता येते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

अशा विडंबनावर घेतले जाणारे आक्षेप मात्र दुर्लक्षून चालणार नाही. पहिला आक्षेप असा, की जळणारा माणूस आणि कुऱ्हाडीचे घाव पाहून हसण्याची सवय लागली, तर दुसऱ्याचे दुःख पाहून मन द्रवणे कमी होईल. हा आक्षेप रास्त आहे. या भागांतील सर्वच विनोद वर दिलेल्या उदाहरणांच्या तोडीचे नाहीत. काही ठिकाणी रक्तपात केवळ रक्तपातासाठी येतो. हसू कशाचे येते, हीच येथे कसोटी मानावी लागते. विली जळताना त्याच्या वेदनेचे हसू आले, तर तो विनोद क्रूर ठरेल. ते हसू सभेच्या निगरगट्टपणाचे असेल, तर तो विनोद वेदनेच्या बाजूने उभा आहे. हा भेद लहान मुलाला आपोआप कळत नाही. तो कुणीतरी शेजारी बसून समजावून द्यावा लागतो. मुलांना लवकर झोपवा, ही मार्जची सूचना गमतीची असली तरी निरर्थक नाही.

दुसरा आक्षेप असा, की आजची कित्येक मुले मूळ चित्रपट पाहण्याआधीच त्याचे विडंबन पाहतात. ज्याने ‘द शायनिंग’ची ओळख होमरमार्फत करून घेतली, त्याला पुढे मूळ चित्रपट पाहताना भीती वाटेल, की हसू येईल? नुकसान होते हे खरेच. तथापि, भाषांतर वाचून मूळ ग्रंथाकडे वळणारा वाचक असतो, तसा विडंबनातून मुळाकडे वळणारा प्रेक्षकही असतो. ‘सिम्पसन्स’च्या पहिल्याच हॅलोविन भागात एडगर ॲलन पो यांच्या ‘द रेव्हन’ या १८४५ च्या दीर्घ कवितेवर आधारित एक कथा होती. ती पाहून या कवितेशी प्रथमच परिचय झालेल्या मुलाला विडंबनाने तिच्या दारापर्यंत आणून सोडले, एवढे श्रेय तरी द्यावेच लागेल.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. कधीकधी विडंबन हे ओळख पटवण्याचा खेळ होऊन बसते. हे दृश्य अमुक चित्रपटातले, हा संवाद तमुक चित्रपटातला, असे ओळखून प्रेक्षक स्वतःवरच खूश होतो. पण मूळ कृतीविषयी त्याला नवे काही कळत नाही. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या प्रथेत असे रिकामे भाग येणे अपरिहार्य होते. विडंबनात काय बदलले, या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर ते विडंबन केवळ नक्कल आहे, असे खुशाल समजावे.

भीतीचा पत्ता

१९९० च्या त्या पहिल्या भागाची चौकट या साऱ्या विचाराला उपकारक ठरते. बार्ट आणि लिसा झाडावरील आपल्या खेळघरात बसून एकमेकांना भीतीच्या गोष्टी सांगतात. पो यांची कविता संपल्यावर बार्ट कुरकुरतो, की यात भिण्यासारखे काहीच नव्हते. ती १८४५ ची कविता आहे, त्या काळी माणसे कदाचित लवकर घाबरत असतील, असे लिसा समजावते. त्यावर बार्टला अवघ्या दहा वर्षांपूर्वीचा एक भयपट आठवतो. तोही आजच्या मानाने मिळमिळीतच वाटतो, असे त्याचे मत पडते.

भीतीलाही इतिहास असतो, ही मोठी गोष्ट दोन मुलांच्या गप्पांत सहज सांगून झाली. प्रत्येक पिढीचा बागुलबुवा वेगळा असतो, आणि आधीच्या पिढीच्या बागुलबुवाला हसतच नवी पिढी मोठी होते. परंतु त्या रात्रीचा शेवट मुलांवर होत नाही. गोष्टी सांगून झाल्यावर मुले निवांत झोपी जातात. झोप उडते ती झाडाबाहेर चोरून ऐकणाऱ्या होमरची. मार्ज दिवा मालवू लागते, तेव्हा तो दिवा मालवू नकोस म्हणून विनवतो.

मुलांना भुतांची भीती वाटेल म्हणून मोठी माणसे चिंता करतात, चित्रकथांवर बंदी घालतात, तक्रारीची पत्रे लिहितात. प्रत्यक्षात मुले भुताला हसून मोकळी होतात. मोठ्यांना ते इतके सोपे जात नाही. कारण स्वस्तातले घर, मालकाची कंजूषी, हातून न सुटणारे व्यसन आणि सभेतले मौन यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध असतो. मुखवटा काढला तर आत कोण दिसेल, याची त्यांना पुसटशी कल्पना असते. भयपटाचे विडंबन पाहिल्यावर मुलाला ‘घाबरलास का?’ असे विचारण्याची प्रथा आहे. त्याऐवजी ‘हसलास कशाला?’ असे विचारावे, आणि तोच प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःलाही करावा. त्याच्या उत्तरातच विडंबन चांगले होते की नुसते गमतीचे होते, याचा निर्णय असतो.